गळ्यातला देव आणि बालाघाटचा डोंगर

आमच्या लिंगायत घरात देव गळ्यात असतो. देवघर आहे, त्यात परमरहस्याची पोथी आहे, विभूती आहे, समई आहे; पण पूजा होते ती ज्याच्या त्याच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची. दीक्षेच्या वेळी गुरूंनी हातावर ठेवलेलं हे लिंग मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं आणि त्यावर नजर ठेवून बसायचं. मध्ये पुजारी नाही, रांग नाही. बाईला महिन्यातले चार दिवस बाजूला बसवणंही नाही, कारण लिंग धारण करणाऱ्याला सुतक नाही आणि विटाळ नाही. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी त्या दिवसांत घरी कोपऱ्यात बसायच्या, तेव्हा मी आईशेजारी बसून पूजा करत होते. या एका गोष्टीसाठी मी माझ्या धर्माची जन्मभराची ऋणी आहे.

मग असा देव गळ्यात असताना डोंगर तुडवत कपिलधारला जायचं कशाला?

हा प्रश्न परवा भाचीनं विचारला, पण आमच्या घरात तो फार जुना आहे. वडिलांचं बीडच्या मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. मन्मथ स्वामींची समाधी असलेलं कपिलधार बीडपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून शिवदिंड्या पायी तिथं येतात. परभणी-जालन्याकडच्या काही दिंड्या बीडवरून जायच्या. वडील त्यांना पाणी द्यायचे, गूळ-शेंगदाणे द्यायचे, हात जोडून ‘शरणार्थ’ म्हणायचे आणि परत गादीवर येऊन बसायचे. स्वतः कधी गेले नाहीत. बसवण्णांनी बाराव्या शतकात कल्याणात सांगितलं ते देहालाच मंदिर करायला, आणि प्रामाणिक कष्ट म्हणजे कायक हीच पूजा मानायला, असं ते आम्हाला समजावत. माप बरोबर द्यावं, शेतकऱ्याची पट्टी वेळेवर चुकती करावी, आणि सकाळी लिंगासमोर बसावं. याच्यापुढं यात्रा कशासाठी, असा त्यांचा सवाल असे.

ही बाजू मी कधी हलकी मानली नाही. उलट यात्रेच्या बाजूनं जी कारणं एरवी ऐकू येतात ती मला लंगडी वाटतात. तिथला देव जागृत आहे म्हणावं, तर माझ्या तळहातावरचा निजलेला आहे की काय? पायी चालल्यानं पुण्य लागतं म्हणावं, तर ते पुण्य कुणाच्या खात्यातून वळतं करून घ्यायचं? आणि नवस हा तर आमच्या विचारात बसतच नाही. तेव्हा मला पटेल असं कारण माझं मलाच शोधायला हवं होतं. ते मला सापडलं आहे असं वाटतं, म्हणून हे लिहिते.

भाची पुण्यात नोकरी करते आणि सुट्टी मिळाली की राजगड, हरिश्चंद्रगड अशी फिरत असते. भाद्रपदात आली आणि म्हणाली, “मावशी, बीडमध्ये दिवसभर चालावं असं काही आहे का? डोंगर, जंगल?” मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे हा प्रश्न योग्य ठिकाणी आला होता. राष्ट्रीय उद्यान बीड जिल्ह्यात नाही. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली घोषित झालेलं, साधारण तीस चौरस किलोमीटरचं. आणि अख्खा बालाघाट आहे. जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात: उत्तरेला गोदावरीकाठची सपाट गंगथडी, दक्षिणेला बालाघाटाचं पठार. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढला की माणूस वर येतो आणि वर आल्यावर पुन्हा सपाटच लागतं. सह्याद्रीत शिखर डोळ्यांपुढं असतं, आपण त्याच्याकडे चढत जातो. इथं सपाटीवरून चालता चालता पायाशी दरी उघडते. आमच्याकडे नारायणगड, गहिनीनाथगड, मच्छिंद्रनाथगड आहेत, लोक वरही जातात. पण जिथं पाणी पडतं तिथं देव खाली आहे. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून कोसळते आणि रामेश्वर तिच्या तळाशी. कपिलधारही तसंच. वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या, आणि तोही नेमानं न पडणाऱ्या मुलखात माणसानं पाण्याच्या तळाशी जाऊन हात जोडले, यात मला नवल वाटत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्या मांजरेचा उगम याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात. ती इथून पूर्वेला लातूरकडे आणि पुढं बीदर जिल्ह्यात जाते. बसवण्णांचं कल्याण त्याच बीदर जिल्ह्यात. नकाशा शिकवताना मी ती रेघ बोटानं दाखवायचे: पाणी आपल्याकडून तिकडे गेलं, विचार तिकडून आपल्याकडे आला.

कपिलधारपर्यंत पायी जायचं ठरवून आम्ही सकाळी लवकर मांजरसुंब्याला एसटीतून उतरलो. धुळे-सोलापूर महामार्गावर ट्रकांची रांग लागलेली. थोडं डांबरीनं गेल्यावर शेळ्यांच्या पायवाटेला लागलो. पावसानं उघडीप दिली होती. गवत कमरेएवढं, पावलोपावली कुसळं साडीला चिकटत होती. तरवड पिवळ्या फुलांनी भरलेला. उतारभर सीताफळीची झुडपं, आणि काही फळांचे डोळे नुकते उघडू लागलेले. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण डोंगरातली ही झाडं कुणी लावलेली नाहीत. पाखरांनी आणि शेळ्यांनी बिया टाकल्या, दगडाच्या फटीत त्या रुजल्या. समोरच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या आणि वारा आमच्याकडे वळला की पात्यांची घुमघुम ऐकू येई.

एका ओढ्याच्या काठाला कातळ उघडा पडला होता. काळा दगड, त्यात मुठीएवढ्या पोकळ्या, आणि काही पोकळ्यांच्या आत पांढरे स्फटिक चमकत होते. भाचीनं एकीत बोट घातलं. मी तिला सांगितलं, हा लाव्हा आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो वाहत असताना त्यात वायूचा बुडबुडा अडकला, लाव्हा थिजला, बुडबुड्याची जागा तशीच राहिली, आणि पुढं पाझरणाऱ्या पाण्यानं तिथं थेंबाथेंबानं हे स्फटिक उभे केले. हे मी फळ्यासमोर उभी राहून पोरांना सांगत आले होते. त्या दिवशी मात्र हात नकळत गळ्याशी गेला. माझं लिंग त्या पोकळीत सहज मावलं असतं. ज्याला मी सगळ्या विश्वाचं रूप मानते ते एका बुडबुड्याच्या जागेत मावतं, हे तिथं उभं राहून मला पहिल्यांदा अंगावर आल्यासारखं जाणवलं. यात लिंगाला काही उणेपणा येत नाही. ते लहान आहे ते तळहातावर मावावं म्हणूनच. पण रोज तळहाताएवढंच बघत राहिलं तर काय होतं, हा विचार तिथून सुरू झाला.

पुढं एक बाई भेटली. शेळ्या राखत होती, काखेत काठी, डोक्यावर पावसासाठी घेतलेलं पोतं तसंच.

“कुठून आलाव ताई?”

“मांजरसुंब्याहून. पायीच.”

“कामून ओ? गाडी नाही भेटली का?”

भाची म्हणाली, “नाही, असंच. डोंगर बघायला आलोय.”

“डोंगर काय बघायचा? हितंच तर हाय रोज,” ती म्हणाली आणि आमच्यासोबत खडकावर टेकली. तिनं पदरातून दोन सीताफळं काढून दिली. बोलता बोलता कळलं, की दसरा झाला की ती आणि नवरा ऊस तोडायला कोयत्यावर जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली आहे. दोन लेकरं आजीपाशी राहतात. मी तिला कार्तिकातल्या यात्रेबद्दल विचारलं. तिच्या वस्तीपासून कपिलधार कोसभरसुद्धा नसेल. ती म्हणाली, “लगीन झाल्यापून नाही बघितली. आमची पुनव फडातच असती.”

लांबलांबचे लोक पायांना फोड येईस्तोवर चालत ज्या डोंगरात पौर्णिमेला येतात, त्या डोंगरातली माणसं नेमकी तेव्हा उसाच्या फडात असतात. बीडमधल्या कुणालाही ही गोष्ट माहीत आहे, मलाही होती. दिवाळीनंतर माझ्या वर्गातले बाक रिकामे पडताना मी दरवर्षी बघितले आहेत. पण धर्माचा प्रश्न म्हणून मी या गोष्टीकडे कधी बघितलं नव्हतं.

वडिलांच्या हिशेबानं ती बाई फडात करते ती पूजाच. हे वाक्य तिच्यासमोर उच्चारून बघावं असं मनात आलं आणि जीभ उचलली नाही. बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांत मडिवाळ माचिदेव परीट होते, हरळय्या चर्मकार होते, अंबिगर चौडय्या नावाडी होते. त्यांचं कायक त्यांच्या हातात होतं. त्यातून आलेलं ते दासोहात वाटत होते, आणि राजाचे मंत्री असलेल्या बसवण्णांशेजारी अनुभवमंटपात बसून बोलत होते. उचल फेडण्यासाठी पहाटे तीनला उठून मोळ्या वाहणं हे ते कायक नव्हे. तिच्या श्रमाला पूजा म्हणण्यानं सोय होते ती उचल देणाऱ्याची, आणि गोड चहा पिणाऱ्या माझ्यासारखीची. वडील अतिशय सचोटीचे होते, त्यांच्या मापाबद्दल कधी कुणी शब्द काढला नाही. पण त्यांचा देव मोंढ्याबाहेर गेलाच नाही. तो त्यांच्या सचोटीएवढा झाला होता, आणि त्याच्या पलीकडचं काही तो त्यांना विचारत नव्हता.

माझ्या म्हणण्याचं मूळ इथं आहे. जो देव फक्त माझा, माझ्याच गळ्यात, माझ्याच तळहातावर, त्याला एक धोका आहे, आणि देवळातल्या देवाला तो तितका नाही. देवळातल्या देवापुढं शेजारी उभा असतो, भांडलेली जाऊ उभी असते, अनोळखी माणूस धक्का देऊन पुढं जातो. तो देव आपल्या एकट्याचा नाही हे विसरताच येत नाही. इष्टलिंगापुढं मी एकटी असते. जातीचा उंबरठा, विटाळ, मधला दलाल या सगळ्यांतून त्यानं मला सोडवलं, आणि त्याच एकांतात तो हळूहळू माझ्या मापाचा होऊ शकतो. माझ्या काळज्या त्या त्याच्या काळज्या, माझी माणसं तेवढीच त्याची माणसं. हे होऊ नये म्हणून त्याला बाहेर न्यावं लागतं. लोक देवाच्या दर्शनाला डोंगरात जातात. मी माझ्या देवाला घेऊन जाते, की जे माझं नाही ते दोघांच्याही नजरेस पडावं.

नायगावच्या अभयारण्यात हेच मला दुसऱ्या अंगानं कळलं होतं. तिथं माझ्यासाठी काहीच मांडून ठेवलेलं नाही. झुडपी रान, दगड, मधूनमधून मोराची केका. मोर दिसला तर दिसला, नाही तर नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला पूर्ण मनाई केली, अभयारण्यात बंधनं घालून थोडी मोकळीक ठेवता येते. पण दोन्हींच्या मुळाशी एकच म्हणणं आहे: ही जमीन तुझ्या उपयोगासाठी नाही. मला हे म्हणणं फार धार्मिक वाटतं. ते कायद्याच्या पुस्तकात यावं लागलं आणि आम्ही पोथ्या वाचणाऱ्यांनी ते आधी म्हटलं नाही, याचं मला वाईट वाटतं. यात्रेनंतर डोंगरात उरणारे प्लॅस्टिकचे पेले आणि द्रोण बघितले की अजून जास्त वाटतं. कैलासाला जाणारेही शिखर चढत नाहीत, प्रदक्षिणा करून परततात. शिवाचं घर म्हणायचं आणि उंबरठ्याबाहेरून वळायचं, ही रीत आमच्या दऱ्यांनाही लागू करायला हवी. अर्थात इथंही शेळीवाल्या बाईचा प्रश्न उरतोच. डोंगर कुणाच्या उपयोगाचा नाही असं म्हणताना तिच्या शेळ्या कुठं जाणार, हे सांगण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर आहे, आणि ते मोरासाठी झटणाऱ्यांनीही टाळू नये.

दुपारी कपिलधारच्या दरीत उतरलो. धबधबा भरात होता. मन्मथ स्वामी मठात बसून राहू शकले असते. मानूरच्या मठाची गादी त्यांच्याकडे होती. त्यांनी परमरहस्य मराठीत रचलं, ज्याची पारायणं आजही मराठवाड्यातल्या लिंगायत घरांत होतात, आणि परंपरा सांगते की समाधीसाठी ते या दरीत आले. गळ्यात लिंग असलेल्या, लिंगाचं तत्त्व इतरांना शिकवणाऱ्या माणसाला शेवटी मठ सोडून पाण्याच्या तळाशी यावंसं वाटलं. चक्रधर स्वामींचंही मला असंच कोडं वाटतं. त्यांनी मूर्ती नाकारल्या, पण त्यांच्या पश्चात अनुयायांनी ते जिथं जिथं बसले-उठले ती ठिकाणं नोंदवून स्थानपोथी सिद्ध केली, आणि महानुभाव आजही त्या स्थानांना नमस्कार करतात. मूर्ती सोडता आली, जमीन सोडता आली नाही. याला काही लोक तत्त्वापासून घसरणं म्हणतील. मला तसं वाटत नाही. देव निराकार आहे असं म्हणणाऱ्यालाही पाय टेकायला भुई लागते आणि ती भुई त्याची एकट्याची नसते.

आमच्यात मेल्यावर जाळत नाहीत. आई गेली तेव्हा तिला बसवून मूठमाती दिली, विभूती आणि बेलपत्रं घातली, आणि तिच्या डाव्या तळहातावर तिचं स्वतःचं लिंग ठेवलं. सत्तर वर्षं गळ्यात राहिलेला देव तिच्याबरोबर मातीत गेला. म्हणजे इतका स्वतःचा असलेला देवही शेवटी आपण मातीच्याच स्वाधीन करतो. कपिलधारच्या समाधीपुढं उभी राहिले की मला मन्मथ स्वामींइतकीच आई आठवते, आणि पायाखालच्या जमिनीत तळहात उघडा ठेवून बसलेली कितीतरी माणसं आठवतात, ज्यांची नावं कुठंच नाहीत.

धबधब्यापासून थोड्या अंतरावर खडकावर बसून मी लिंग तळहातावर घेतलं. घरी त्याच्या काळ्या कांतीत खिडकीची चौकट दिसते, आणि वाकून बघितलं तर माझा चेहरा. इथं तुषारांचे थेंब त्यावर बसत होते आणि प्रत्येक थेंबात कड्याची काळी कडा आणि वर पांढरं आभाळ. मन एकाग्र झालं नाही. पाण्याचा आवाज होता, कुठंतरी लेकरू रडत होतं, शेळीवाल्या बाईचं ‘फडातच असती’ मध्येच ऐकू येत होतं. एरवी अशा पूजेला मी विस्कटलेली पूजा म्हटलं असतं. पण ते सगळं त्या तळहातावर जमत होतं आणि तळहाताला ते पेलत होतं.

परत चढताना भाचीनं विचारलं, “मावशी, मी तर दीक्षा घेतलेली नाही. मग मला नुसता डोंगर पुरतो असं म्हणू का?” तिला मी खरं वाटलं ते सांगितलं. डोंगर माणसाला मोठ्यात नेऊन सोडतो, पण दुसऱ्या दिवशी काही विचारत नाही. सकाळी पाचला उठवून, काल काय बघितलंस आणि त्याचं काय केलंस असं विचारणारं कुणीतरी लागतं. ती म्हणाली, त्यासाठी लिंगच कशाला, मन आहे की. मी म्हटलं, माझं मन माझ्या बाजूनं फार लवकर होतं. हे तिला अर्धंच पटलं.

दुसऱ्या दिवशी पूजेला बसले तेव्हा शेळीवाल्या बाईची ती दोन लेकरं डोळ्यांसमोर आली, आजीपाशी राहणारी. कोयत्यावर गेलेल्यांच्या मुलांसाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृहं चालतात. जेवणाची सोय होते, पण संध्याकाळी अभ्यासाला घेऊन बसणारं माणूस बऱ्याच ठिकाणी नसतं. निवृत्त भूगोल शिक्षिकेला ते सहज करता येण्यासारखं आहे. त्या वस्तीजवळच्या शाळेत मी विचारून आले, दसऱ्यानंतर यायला सांगितलं आहे. यंदाची कार्तिकी पौर्णिमा मी दिंडीत नसेन, त्या मुलांबरोबर असेन, आणि त्यांना घेऊन दरीत उतरता आलं तर उतरेन. कपिलधार त्यांच्या घरापासून कोसभरही नाही. भाचीनं महिन्यातला एक शनिवार द्यायचं कबूल केलं आहे. गणित ती घेणार. दीक्षेचा विषय तिनं काढलेला नाही आणि मीही काढलेला नाही.